तलफ म्हणजे गरज नव्हे

चहा किंवा कॉफी काही दिवस बंद ठेवण्याचा विचार कोणी बोलून दाखवला की मराठी घरांत, कचेऱ्यांत आणि मित्रमंडळींत त्यावर उमटणारी प्रतिक्रिया जवळजवळ ठरलेली असते. चहा ही आपली जुनी परंपरा आहे, त्याच्यावाचून पाहुणचार पुरा होत नाही, त्याच्यावाचून डोके चालत नाही, तो सोडला तर डोके दुखते आणि त्या अर्थी शरीराला तो लागतोच, शिवाय त्याच्या जागी सुचवली जाणारी पेये एकतर आजाऱ्याची किंवा हौशी श्रीमंतांची, तेव्हा इतक्या साध्या सुखापासून माणसाला तोडून मिळवायचे काय, असा हा सगळा युक्तिवाद आहे. तो इतक्या आत्मविश्वासाने आणि इतक्या वेळा केला जातो की चहा थांबवू पाहणारा माणूस बहुधा तिसऱ्या दिवशी, डोके ठणकत असताना आणि भोवतालची माणसे कप पुढे करीत असताना, माघार घेतो. या युक्तिवादातले एकही विधान तपासणीला उतरत नाही, आणि तरीही त्याच्या बळावर असंख्य माणसांना स्वतःच्या शरीराविषयीचा एक साधा प्रयोग करण्यापासून रोखले जाते, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक आहे.

प्रथम परंपरेचे विधान घ्यावे. आसामातील चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला आणि त्यानंतर कित्येक दशके हिंदुस्थानातील मळ्यांचा माल प्रामुख्याने परदेशी ग्राहकासाठीच पिकत राहिला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमधील समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून शंकराचार्यांपर्यंत पोचलेले, प्रायश्चित्तापर्यंत ताणले गेलेले प्रकरण उभे राहिले. तो वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हता, ख्रिस्ती मिशनच्या घरी पेय घेण्याचा होता, हे खरे. परंतु एक पेला चहा ज्या समाजात जातिबहिष्काराचा प्रश्न बनू शकत होता, त्या समाजात तो घरोघरीचा अनादि आचार होता असे कोणत्या आधारावर म्हणावे?

चहा सर्वसामान्यांच्या घरात शिरला तो योजनापूर्वक केलेल्या प्रचारामुळे. १९०३ साली कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर उपकर, म्हणजे विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला जादा कर, बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाची मागणी वाढवण्याचे काम एका समितीकडे सोपवले गेले. १९३७ साली तिचेच नाव ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ असे झाले, आणि बाजारपेठेचा विस्तार हा हेतू त्या नावातच उघडपणे नोंदवलेला आहे. मधल्या काळात जागतिक मंदीने परदेशी मागणी घसरली, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आल्या, आणि शिल्लक राहणारा माल खपवायला देशातलाच ग्राहक घडवणे भाग पडले. कारखाने, गिरण्या आणि खाणी येथे चहाची दुकाने उघडली गेली, रेल्वेस्थानकांवर चहा कसा करावा हे शिकवणारे फलक देशी भाषांत लागले, प्रात्यक्षिके झाली. पुढे सीटीसी यंत्राने, म्हणजे पान चिरडून, फाडून आणि वळवून त्याचे बारीक दाणे करणाऱ्या यंत्राने, थोड्या पुडीत गडद रंगाचा आणि कडक चवीचा चहा स्वस्तात मिळू लागला. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात बनले आणि त्याचा मोठा प्रसार स्वातंत्र्यानंतर झाला. एवढ्या अलीकडच्या आणि एवढ्या हिशेबाने घडवलेल्या सवयीला परंपरेचा मान देऊन तिच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याला संस्कृतिद्रोही ठरवणे, हे इतिहासाच्या अज्ञानाचे लक्षण आहे. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती बाजूला सारून ज्या पेयाने तिची जागा घेतली त्याचाच उल्लेख आज परंपरा म्हणून होतो.

यानंतरचे विधान अधिक गंभीर आहे, कारण ते वैद्यकीय सत्याचा आव आणते: चहा सोडला की डोके दुखते, अर्थात शरीराला चहाची गरज आहे. या विधानाचा फोलपणा समजण्यासाठी कॅफीन शरीरात काय करते हे पाहावे लागते. कॅफीन हे चहाची पाने, कॉफीच्या बिया आणि काही अन्य वनस्पतींत आढळणारे द्रव्य असून १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीतून प्रथम वेगळे केले. माणूस जागा असतो तसतसे त्याच्या मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. पेशींवर त्याच्यासाठी ग्राहक, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तशी त्या द्रव्याला सामावून घेणाऱ्या जागा, असतात, आणि त्या भरत गेल्या की पेंग येऊ लागते. कॅफीनची रचना अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच जागा अडवून बसते, परंतु पेंगेचा संदेश देत नाही. त्यामुळे थकवा नाहीसा झाल्याचा भास होतो; प्रत्यक्षात थकवा तेथेच असतो, फक्त त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोचलेली नसते. रोजच्या रोज हा अडथळा आला की शरीर त्याच्याशी जुळवून घेते आणि अ‍ॅडेनोसिनला अधिक संवेदनशील बनते. मग एखाद्या दिवशी कॅफीन मिळाले नाही की मोकळ्या झालेल्या जागांवर अ‍ॅडेनोसिनचा परिणाम नेहमीपेक्षा जोराने होतो, कॅफीनने आकुंचित ठेवलेल्या मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि डोके ठणकू लागते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. डोकेदुखी चहाच्या अभावाने होत नाही, आधी घेतलेल्या चहाच्या सवयीने होते. ज्याने कधी चहा घेतलाच नाही त्याचे डोके चहा न मिळाल्याने कधी दुखेल का? लॉरा जुलियानो आणि रोलंड ग्रिफिथ्स या संशोधकांनी २००४ साली उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ही लक्षणे शेवटच्या घोटानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतात, एक-दोन दिवसांत कळस गाठतात आणि एकूण दोन ते नऊ दिवस टिकतात असे त्यांना आढळले. डोकेदुखी सुमारे निम्म्या लोकांना होते. तिच्या जोडीला मरगळ, चिडचिड, लक्ष न लागणे हेही येते. दिवसाला अवघ्या १०० मिलिग्रॅम कॅफीनच्या सवयीनंतरही हा त्रास संभवतो, असे त्याच आढाव्यात नोंदलेले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे दोन-तीन कपांची सवय त्यासाठी पुरेशी आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात कॅफीन थांबवल्यावर होणाऱ्या या त्रासाला स्वतंत्र निदानाचे स्थान दिले आहे. जो त्रास त्या पदार्थानेच निर्माण केला, त्याच त्रासाचे भांडवल करून त्या पदार्थाची गरज सिद्ध करणे हा कोणता तर्क? मराठी भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. भुकेला आणि तहानेला ती ‘तलफ’ म्हणत नाही. तो शब्द तिने तंबाखूसाठी, विडीसाठी आणि चहासाठी राखून ठेवला आहे.

‘चहाशिवाय काम होत नाही’ हे विधान याच गैरसमजाचे दुसरे रूप आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील पीटर रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३७९ व्यक्तींना १६ तास कॅफीनपासून दूर ठेवून नंतर काहींना कॅफीन आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली. नियमित कॅफीन घेणारे कॅफीन मिळाल्यावर जितके तरतरीत झाले, ती तरतरी कॅफीन न घेणाऱ्यांच्या किंवा अगदी कमी घेणाऱ्यांच्या नेहमीच्या तरतरीपेक्षा वरची नव्हती. म्हणजे सकाळचा पहिला कप माणसाला चढ देत नाही. रात्रभर कॅफीन न मिळाल्याने जो उतार आलेला असतो तेवढाच तो भरून काढतो. वर्षानुवर्षे चहा घेऊन कामाला लागणारा माणूस ज्याला आपली कार्यशक्ती समजतो, ती चहा न घेणाऱ्या शेजाऱ्याला फुकट मिळालेली असते.

झोपेचा हिशेबही येथेच मांडायला हवा. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला निरोगी प्रौढात साधारण पाच तास लागतात, आणि गरोदरपणात हा काळ पुष्कळच लांबतो. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतले तरी झोप तासाभराहून अधिक कमी होते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. ही मात्रा मोठी आहे, परंतु दुपारी चार, सायंकाळी सहा आणि रात्री जेवणानंतर असा क्रम ठेवणाऱ्याच्या शरीरात झोपेच्या वेळी किती शिल्लक उरत असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो. अपुऱ्या झोपेने सकाळी मरगळ, मरगळीवर चहा, आणि चहाने पुन्हा अपुरी झोप, हे चक्र ज्याच्या आयुष्यात वीस वर्षे फिरत आले आहे, त्याला स्वतःची नैसर्गिक जाग कशी असते हे कसे कळावे? ते कळण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे काही आठवडे थांबणे.

कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताचे काही विकार आणि टाइप २ मधुमेह कमी आढळतात, हे निरीक्षण या ठिकाणी हटकून पुढे केले जाते. निरीक्षण खरे आहे. परंतु कॅफीन काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांतही तसेच आढळते, तेव्हा त्याचे श्रेय कॅफीनला देता येत नाही.

चहाला ‘निरुपद्रवी’ म्हणणारे लोक सहसा पोटभर जेवणारे असतात, ही गोष्ट या चर्चेत सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. चहातील टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारी द्रव्ये, अन्नातील लोहाला बांधून ठेवतात आणि ते आतड्यांतून रक्तात जाऊ देत नाहीत. धान्ये, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोहाच्या बाबतीत हा अडथळा विशेष मोठा असतो. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्या सर्वांचा दोष चहावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या बाईची न्याहारी चहा-चपाती किंवा चहा-खारी हीच असते, जी दुपारची भूक कपभर चहावर मारून नेते आणि जेवणानंतर लगेच पुन्हा चहा घेते, तिच्या ताटातले आधीच अपुरे लोह हा चहा आणखी अपुरे करतो. भूक मारण्याचा चहाचा गुण गिरणीमालकांना आणि मुकादमांना सोयीचा होता. कष्टकरी माणसाला त्याने अन्न दिले नाही, अन्नावाचून काम रेटण्याची सोय दिली. अशा घरात चहाचा एखादा कप कमी होऊन त्या जागी ताकाचा किंवा आंबिलीचा पेला आला, तर त्याला श्रीमंतांचे फॅड म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

पर्यायी पेयांविषयीचा आक्षेप तर मराठी स्वयंपाकघराच्या विस्मरणातून आलेला आहे. पर्याय म्हटले की डोळ्यांसमोर महागडी डबी, परदेशी पूड आणि ‘डिटॉक्स’चे आश्वासन येते, आणि त्यांच्याविषयीचा संशय योग्यही आहे, कारण शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करीत असतात, त्यासाठी कोणतीही पूड लागत नाही. ग्रीन टी हा पर्यायच नव्हे. ती त्याच झुडपाची पाने असून तिच्यात कॅफीन असते. कोरा चहाही तसाच, आणि कोला किंवा एनर्जी ड्रिंककडे वळणे म्हणजे त्याच द्रव्याकडे दुसऱ्या दाराने परतणे होय. भारतीय नियमांनुसार कॅफीनयुक्त पेय म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते, त्यामुळे चहा थांबवल्यावर तशी गोळी घेणाऱ्याने प्रत्यक्षात काहीच थांबवलेले नसते.

खरे पर्याय घरातच आहेत. चार वाजता माणसाला जे हवेसे वाटते त्यात ऊब, वास, हातातला पेला आणि कामातली उसंत यांचा वाटा मोठा असतो, आणि यांपैकी कशातही कॅफीन नाही. अमृततुल्य चहाच्या ज्या वासाने पावले थबकतात तो वास पुष्कळसा आले, वेलची आणि सुंठ यांचा असतो. हेच सारे दुधा-पाण्यात उकळून त्यात चहाची पूड घातली नाही, तर ऊब आणि वास टिकतात आणि तलफेचे कारण तेवढे वगळले जाते. गवती चहाच्या नावात चहा असला तरी ते एक सुवासिक गवत आहे आणि त्यात कॅफीन नसते. कुंडीत वाढणाऱ्या त्याच्या चार पाती, आल्याचा तुकडा आणि तुळशीची पाने एवढ्यावर उत्तम गरम पेय होते. धने-जिऱ्याचे पाणी, बडीशेपेचा काढा, रात्री हळद किंवा जायफळ घातलेले दूध ही नावे कोणाला शिकवण्याची गरज नाही. कॉफीच्या कडवटपणाची ओढ असणाऱ्यांसाठी भाजलेली चिकोरी आहे. हे एक मूळ असून त्यात कॅफीन अजिबात नसते, आणि फिल्टर कॉफी पिणारा ती चव ओळखतोही. मात्र बाजारातील कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याहून अधिक कॉफी असते, हे ध्यानात ठेवून निव्वळ चिकोरी मागून घ्यावी लागते.

थंड पेयांच्या बाबतीत तर कोकण, गोवा आणि देश यांच्याइतकी समृद्धी क्वचितच आढळेल. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर पन्हे असते, तेथे चहाची उणीव कोणाला भासते? सोलकढी, ताक, मठ्ठा, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, वाळ्याचे पाणी, लिंबाचे सरबत, शहाळे ही यादी कोणत्याही हॉटेलच्या पत्रकापेक्षा लांब आहे. यात एक सावधगिरी हवी. साखरेच्या पाकातले अमृत कोकम दिवसातून चार वेळा घेणाऱ्याने चहा सोडून साखर वाढवलेली असते. त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा मिठातला रस, पाण्यात घालून त्यावर जिरेपूड टाकावी. दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेणाऱ्याच्या पोटात सुमारे ४० ग्रॅम साखर जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली व तत्सम साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक हितावह. चहा थांबवण्याचा हा लाभ दुसऱ्या गोड पेयाने घालवून टाकण्यात शहाणपण नाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्याविषयी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात चहा, कॉफी आणि कोको यांपैकी एकाचीही शरीराला गरज नसल्याचे सांगून उकळलेले पाणी, मध आणि लिंबू यांचे पेय त्यांच्या जागी सुचवले होते. त्याला आता ऐंशी वर्षे होऊन गेली, आणि तरीही पर्याय ही कालपरवाची टूम असल्याचे सांगितले जाते.

चहापासून विश्रांती घ्यायची ती नीट घ्यावी, एवढाच आग्रह योग्य आहे. एका दिवसात सर्व कप तोडणाऱ्याला डोकेदुखीचा पुरा तडाखा बसतो आणि तो परत फिरतो. त्याऐवजी प्रथम रात्रीचा, मग सायंकाळचा, मग दुपारचा कप बदलत, आणि सकाळच्या चहातील पुडीचे प्रमाण उतरवत दोन-तीन आठवड्यांत शून्यावर येणाऱ्याला त्रास कमी होतो. मनोविकारांवरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण कॅफीन एकदम थांबवल्याने बदलते, म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शून्यावर आल्यानंतर महिनाभर तसेच राहून झोप, पचन, चिडचिड आणि दुपारची मरगळ यांत काय बदल झाला ते ज्याचे त्याने पाहावे. महिन्यानंतर कोणी पुन्हा सकाळचा एक कप सुरू केला, तर तो स्वतःच्या निवडीने घेतलेला कप असेल, आणि त्यात आक्षेपार्ह काहीही नाही.

उरला पाहुणचार. पाहुण्याला हवे ते देणे हा पाहुणचार आहे. तीनदा नको म्हणणाऱ्याच्या हातात कप कोंबणे आणि न घेतल्यास रुसणे याला ते नाव देता येत नाही. दारू नको म्हणणाऱ्याला आग्रह करणे जर असभ्य मानले जाते, तर चहा नको म्हणणाऱ्यालाच कारणे का द्यावी लागावीत? चहा थांबवलेल्या माणसाला भोवतालच्या लोकांकडून उपदेश नको आहे आणि कौतुकही नको आहे. पहिले नऊ दिवस त्याच्यापुढे कप येऊ नये एवढीच त्याची अपेक्षा असते. तेव्हा वाचकांना विनंती आहे की दारी आलेला माणूस ‘चहा नको’ म्हणाला, तर त्याला का म्हणून विचारू नये. ताक घेणार की सरबत, एवढेच विचारावे.